गळायचे थांबले, पण कशामुळे?

काही वर्षांपूर्वी मला सणसणून ताप आला होता. आठवडाभरात उतरला, मी कामाला लागलो आणि विसरूनही गेलो. अडीच-तीन महिन्यांनी एका सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं आणि हातात केसांचा पुंजकाच आला. मोरीच्या जाळीवर दुसरा. मग उशीवर, कंगव्यात, शर्टाच्या कॉलरवर, बघावं तिकडे केसच केस. तापाशी याचं काही नातं असेल हे मनातही आलं नाही, कारण ताप तर कधीच येऊन गेला होता. घाबरून मी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहिलेली गोळ्यांची बाटली आणली. रोज दोन गोळ्या. तीन महिन्यांत गळती थांबली, पुढे कपाळाच्या कडेला नवे बारीक केसही दिसू लागले. त्यानंतर भेटेल त्याला मी त्या गोळ्यांचं कौतुक सांगत सुटलो.

त्या गोळ्या मी घेतल्या नसत्या तरी अगदी हेच झालं असतं.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, पण ते सगळे एका तालात वाढत नाहीत. एक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं आणि तो जवळजवळ तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो. त्यानंतर गळतो आणि त्याच जागी नवा केस उगवायला लागतो. कुठल्याही दिवशी बघितलं तर ८५ ते ९० टक्के केस वाढीला लागलेले असतात, उरलेले विश्रांतीला. म्हणूनच रोज ५० ते १०० केस गळणं यात वावगं काहीच नाही.

जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून झपाट्यानं उतरवलेलं वजन असा एखादा धक्का शरीराला बसला, की वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात. ही विश्रांती दोन-तीन महिन्यांची असते, त्यामुळे धक्का आज बसतो आणि गळती तीन महिन्यांनी सुरू होते. डॉक्टर याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात. मुळं शाबूत असतात. कारण दूर झालं की बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते.

आता माणूस औषध आणायला कधी धावतो ते बघा. गळती कळसाला पोचल्यावर. आणि तिथून ती कमीच होणार असते. त्या दिवशी तुम्ही कुठलीही गोळी खा, कुठलंही तेल चोळा, तीन महिन्यांनी गुण येणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. केसांच्या गोळ्यांबद्दल लोक जे अनुभव सांगतात ते सगळे खोटे असतात असं मला वाटत नाही. मीही खोटं बोलत नव्हतो. केस खरंच थांबले होते. फक्त ते कशामुळे थांबले हे मला माझ्या एकट्या डोक्याकडे बघून कळणं शक्य नव्हतं.

बरं, ‘केस गळतात’ हे ‘पोट दुखतं’ यासारखं वाक्य आहे. त्यामागे दहा कारणं असू शकतात. वर सांगितलेल्या प्रकाराखेरीज सगळ्यात जास्त दिसतं ते आनुवंशिक टक्कल. यात पुंजके हातात येतातच असं नाही. केसाचं मूळच दर फेरीला थोडं लहान होत जातं आणि त्यातून येणारा केस आधीपेक्षा बारीक, आखूड, फिका होतो. शेवटी नुसती लव उरते. पुरुषांत हे कपाळाचे कोपरे आणि टाळू इथून सुरू होतं, बायकांत बहुधा भांग रुंदावत जातो. पुरुषांमधल्या या टकलामागे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, हे हार्मोन आहे. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की वयात येण्याआधीच वृषणं निकामी झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, की घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस विरळ व्हायला लागतात. म्हणजे हार्मोन आणि वारसा, दोन्ही हवेत.

तिसरा प्रकार चाई. शरीराची संरक्षण यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते आणि नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. तो बऱ्याचदा आपला आपण भरूनही येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कांद्याच्या रसाकडे आल्यावर तिची गरज पडेल.

नैसर्गिक गोळ्या बऱ्या की डॉक्टरांची औषधं, असा प्रश्न लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात झाडपाला विरुद्ध रसायन अशी लढत असते. माझ्या मते ती विभागणीच फसवी आहे. उद्या एखाद्या पानाच्या अर्कानं चाचणीत टक्कल थांबवून दाखवलं तर तेही औषधच. खरा प्रश्न एवढाच, की त्या वस्तूची तुलना कुणी केली आहे का. आणि ती कशी करतात, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे.

पुरुषांच्या टकलावरच्या फिनास्टेराइड या औषधाचं उदाहरण घेऊ. या गोळीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. कुणाला खरी गोळी, कुणाला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे ना त्या माणसाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. टाळूवर एक इंच व्यासाचं वर्तुळ ठरवायचं, तिथले केस अगदी आखूड कापायचे, भिंगातून मोठा फोटो काढायचा आणि केस एकेक करून मोजायचे. पुढच्या वेळी नेमकी तीच जागा सापडावी म्हणून अशा चाचण्यांत डोक्यावर बारीक ठिपका गोंदून ठेवतात. सुरुवातीला त्या वर्तुळात सरासरी ८७६ केस होते. एका वर्षानं दोन गटांमधला फरक १०७ केसांचा झाला, दोन वर्षांनी १३८ केसांचा.

हा वाढत गेलेला फरक मला फार बोलका वाटतो. खरी गोळी घेणाऱ्यांच्या डोक्यावर दुसऱ्या वर्षी नवं जंगल उगवलं म्हणून तो वाढलेला नाही. प्लासिबोवाल्यांचे केस जात राहिले आणि यांचे टिकले, म्हणून वाढला. दोन वर्षांनंतर गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांचे केस आहे तेवढे राहिले होते किंवा वाढले होते. प्लासिबो गटात हे भाग्य २८ टक्क्यांचं. आता त्या ८३ टक्क्यांतला एखादा माणूस आरशासमोर उभा करा. त्याला काय दिसेल? जसं होतं तसंच. दोन वर्षं गोळ्या खाऊन काही झालं नाही असंच तो म्हणेल. जे केस गेले असते ते आरशात दिसत नाहीत. ते फक्त दुसऱ्या गटाशी ताडून बघितल्यावर दिसतात.

या गोळीची जन्मकथाही गमतीची आहे. १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावच्या काही कुटुंबांबद्दल लिहिलं. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात आल्यावर पुरुष होत. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम त्यांच्यात जन्मापासून कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. मग तेच एन्झाइम औषधानं अडवलं तर? आधी १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या त्रासासाठी ५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत मंजूर झाली आणि १९९७ च्या अखेरीस पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमची. निसर्गानं स्वतःच करून ठेवलेला प्रयोग वाचून बनवलेलं औषध आहे हे. बाटलीवर मात्र ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं नसतं.

टकलावरचं दुसरं औषध, मिनॉक्सिडिल, तर अपघातानंच हाती लागलं. अपजॉन कंपनीचं हे मूळ रक्तदाबाचं औषध. कोलोरॅडो विद्यापीठात चार्ल्स चिड्सी त्याची रुग्णांवर चाचणी घेत होते, तेव्हा रुग्णांच्या अंगावर भलतीकडेच केस उगवू लागले. तिथले त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान यांनी ते द्रावण करून स्वतःला लावून बघितलं. १९७९ मध्ये रक्तदाबाची गोळी म्हणून आणि १९८८ मध्ये टाळूला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे ५ टक्क्यांचंही आलं. ते नेमकं कसं काम करतं हे पूर्ण उलगडलेलं नाही. एवढं माहीत आहे, की टाळूतलं एक एन्झाइम त्याचं रूप पालटतं आणि मगच ते लागू पडतं. ज्यांच्यात हे एन्झाइम कमी, त्यांना फायदाही कमी.

मिनॉक्सिडिलची एक खोड आहे. लावायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अनेकांचे केस उलट जास्तच गळतात. विश्रांतीला बसलेल्या केसांना ते ढकलून बाहेर काढतं आणि त्याच जागी नवी वाढ सुरू करतं, म्हणून. माणूस हबकतो आणि बाटली फेकून देतो. नशीब बघा: निरुपयोगी गोळी गळती ओसरताना घेतली म्हणून श्रेय घेऊन जाते, आणि कामाचं औषध सुरुवातीच्या गळतीमुळे बदनाम होतं. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. थांबवलं की कमावलेले केस पुढच्या काही महिन्यांत निघून जातात. (घरात मांजर असेल तर जपून. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे. तुमच्या डोक्याला किंवा उशीला चाटून एवढंसं पोटात गेलं तरी त्यांच्या जिवावर बेतू शकतं.)

आता नैसर्गिक बाजू. सगळीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही, पण पुरावा किती आणि कसला आहे हे एकेकाचं बघावं लागतं.

कांद्याचा रस घ्या. २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ जणांनी कांद्याचा रस लावला, १५ जणांनी साधं पाणी. सहा आठवड्यांत रसवाल्यांपैकी २० जणांना केस आले, पाणीवाल्यांपैकी आठ आठवड्यांतही दोघांनाच. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण ते सगळे चाईचे रुग्ण होते. चाई आपली आपण भरून येऊ शकते आणि टकलाशी तिचा संबंध नाही. शिवाय आपल्या डोक्याला कांदा लावलाय की पाणी, हे कुणापासून लपणार? आज तोच अभ्यास पुढे करून हा रस ‘टकलावर’ सुचवला जातो.

रोझमेरी तेलाची गोष्ट जरा बारकाईनं बघू, कारण ‘मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. त्याचा उगम २०१५ च्या एका इराणी अभ्यासात आहे. १०० पुरुष, निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी दोन्हीकडे म्हणण्यासारखी वाढ शून्य. सहा महिन्यांनी रोझमेरी गटात मोजलेल्या जागेतली केसांची सरासरी १२३ च्या आसपासवरून १३० च्या आसपास गेली, मिनॉक्सिडिल गटात १३८ वरून १४१ च्या आसपास. दोन्हीकडे वाढ चिमूटभर. तुलनेला घेतलं ते सौम्य, २ टक्क्यांचं द्रावण, आणि प्लासिबो गट नव्हताच. काहीच न लावणाऱ्यांचं त्या सहा महिन्यांत काय झालं असतं, हे त्यामुळे सांगता येत नाही. दोन विद्यार्थ्यांना सारखेच गुण मिळाले याचा अर्थ दोघं पास झाले असा होत नाही. तेल लावायला आवडत असेल तर खुशाल लावा. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे.

सॉ पाल्मेटो नावाच्या छोट्या ताडवर्गीय झाडाच्या फळांचा अर्क डीएचटीची निर्मिती थोडी अडवतो असं मानतात, त्यामुळे त्यामागे निदान काही तर्क तरी आहे. इटलीत १०० पुरुषांना दोन वर्षं हा अर्क किंवा फिनास्टेराइड दिलं, तेव्हा सुधारणा दिसली अनुक्रमे ३८ आणि ६८ टक्क्यांमध्ये. इथेही प्लासिबो नव्हता आणि कोण काय घेतंय हे उघड होतं. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा २०१४ चा कोरियन अभ्यास या सगळ्यांत मला बरा वाटतो, कारण त्यात प्लासिबो होता: ७६ पुरुष, २४ आठवडे, केसांच्या संख्येत ४० टक्के वाढ विरुद्ध १० टक्के. गोम अशी, की त्या कॅप्सूलमध्ये भोपळ्याच्या तेलाबरोबर इतरही काही घटक होते, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. कुणीतरी हजारभर माणसांवर हे पुन्हा करून बघावं. खेळी बरी आहे, सामना बाकी आहे.

आणि बायोटिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. केसांच्या जवळजवळ प्रत्येक बाटलीवर हे नाव असतं. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. गोळीत असतं ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम. बायोटिनची खरी कमतरता असेल तर केस गळतात हे खरं, पण ती विरळा. कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्यानं वाढतात याला भक्कम पुरावा नाही. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, मग बिघडलं कुठे? रक्ततपासणीत. अनेक प्रयोगशाळांच्या तपासण्यांमध्ये बायोटिनचा रासायनिक आधार म्हणून वापर करतात. रक्तात ते मुबलक असेल तर आकडे चुकतात. थायरॉइडचे चुकतात आणि हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिनचेही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याबद्दल इशारा दिला होता. केस गळतात म्हणून डॉक्टर जी तपासणी हमखास सांगतात तीच थायरॉइडची, आणि केस गळतात म्हणून घेतलेली गोळी तिचाच निकाल बिघडवते! तपासणीआधी बायोटिन घेत असल्याचं सांगा. ते किती दिवस बंद ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील.

‘नैसर्गिक आहे, अपाय तरी होणार नाही’ हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. अ जीवनसत्त्व किंवा सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये सेलेनियम लेबलवर लिहिल्याच्या सुमारे २०० पट निघालं. २०१ जणांना विषबाधा झाली आणि त्यातल्या बहुतेकांचे केस गळाले.

औषधांचे दुष्परिणाम झाकायचं कारण नाही. फिनास्टेराइडच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्क्यांनी सांगितल्या, प्लासिबो घेणाऱ्या २.१ टक्क्यांनीही सांगितल्या. गोळी बंद केल्यावरही तक्रारी राहिल्याचं काही जण सांगतात. २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं १ मिलिग्रॅमच्या गोळीचा दुष्परिणाम म्हणून आत्महत्येचे विचार मान्य केले. आधीपासून नैराश्य असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगायलाच हवं. गरोदर स्त्रीनं फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी जी पीएसए तपासणी करतात तिचा आकडा या गोळीनं जवळजवळ निम्मा होतो.

भीतीचाही वाटा असतो, हे मात्र मोजून झालेलं आहे. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेणाऱ्या इटलीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला नाही. वर्षभरात पहिल्या गटातल्या ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, दुसऱ्यातल्या १५.३ टक्क्यांनी. गोळी एकच. औषधाच्या पाकिटातल्या त्या लांबलचक कागदाला आपण भितो. पण तो लांब आहे कारण कुणीतरी हजारो माणसांना बसवून विचारलंय. सप्लिमेंटच्या बाटलीवर तो कागद नसतो, कारण तितकं विचारलेलंच नसतं.

मग करायचं काय? आधी गळतीचा प्रकार ओळखून घ्या. पुंजक्यांनी गळत असतील तर तीन महिने मागे जाऊन काय घडलं ते आठवा. चट्टा असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. गंभीर चाईसाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या मंजूर आहेत. लोह किंवा थायरॉइडची गडबड तपासणीत निघाली तर तिच्यावरचा उपाय हाच केसांवरचा उपाय. कमतरता सापडल्यावर घेतलेली लोहाची गोळी हे सप्लिमेंट नाही, औषधच आहे. आणि काहीही घेणार असाल तर पहिल्या दिवशी टाळूचा फोटो काढा. तोच दिवा, तेच अंतर, केस कोरडे, भांग तिथेच. सहा महिन्यांनी पुन्हा काढा. आठवणीवर विसंबू नका, ती बाटलीच्या किमतीला जागते.

हे सगळं मी शहाणपणानं शिकलो असं नाही. माझं कौतुक ऐकून एका मित्रानं त्याच गोळ्या सुरू केल्या होत्या. त्याचा टाळूवरचा भाग तीन वर्षांपासून हळूहळू विरळ होत होता. दीड वर्ष त्यानं त्या नेमानं घेतल्या. अखेर डॉक्टरांकडे गेला तेव्हा त्यांनी भिंगाचा कॅमेरा टाळूवर टेकवून पडद्यावर दाखवलं: एक जाड केस, शेजारी सुतासारखा बारीक, त्याच्या शेजारी नुसती लव. दीड वर्षापूर्वी आला असतात तर यातले बरेच टिकले असते, असं त्या म्हणाल्या.

“पण माझ्या मित्राला तर याच गोळ्यांनी गुण आला,” हा म्हणाला.

“तुमच्या मित्राला त्याआधी ताप आला होता का?” त्यांनी विचारलं.

संध्याकाळी त्यानं फोन करून मला तेच विचारलं. मी बोटांवर महिने मोजत गेलो आणि तिसऱ्या बोटावर थांबलो.